नानांनी दूध तोडलं

जयसिंगनाना माझ्याशी पहिल्यांदा दोन शब्दांपेक्षा जास्त बोलले ते मांजराच्या हगवणीबद्दल. त्याआधी नऊ वर्षं आम्ही कोथरूडला एकाच इमारतीत राहत होतो. ते तळमजल्यावर, आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. त्यातली सहा वर्षं ते रोज सकाळी माझ्या दारात दूध घालायचे. "बाई, दूध," एवढं ते म्हणायचे, आणि "हं," एवढं मी म्हणायची. संभाषण म्हणावं तर एवढंच, आणि मला त्याची काही खंत नव्हती.

मी कमरजहां. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलच्या बोर्डावर एकतीस वर्षं काढली. लोकांना लोकांशी जोडून दिलं, तीन मिनिटं झाली की मध्ये पडून तसं सांगितलं, आणि रिटायर झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्यांनाही मी तीन मिनिटं झाली असंच सांगते. भाऊ भवानी पेठेत असतो. ईदेला बोलावतो, मी जाते, शिरखुर्मा खाते आणि दिवेलागणीच्या आत उठते. घरी कुणी वाट बघत नसतं, पण घाई असल्याचं दाखवायची सवय झाली आहे.

नानांचं म्हणाल, तर आम्ही सगळे राहतो ती जमीन त्यांची. तिथं त्यांचा गोठा होता, वीस-बावीस म्हशी होत्या. इमारत झाली तेव्हा नानांना तळमजल्याचा फ्लॅट मिळाला आणि मागच्या भिंतीलगत चार म्हशींपुरती जागा राहिली. मग वरच्या मजल्यांना वास यायला लागला. ज्याच्या जमिनीवर बिऱ्हाड थाटलं त्याच्याच म्हशींचा वास, पण वास तो वासच. सोसायटीनं अर्ज केला. अर्जावर माझीही सही होती, उगाच साळसूदपणा कशाला. म्हशी गेल्या, आणि पुढच्याच वर्षी नानांची बायको बायडाबाई गेल्या. मुलगा संपत बाणेरला बंगला बांधून राहतो. सुरुवातीला दर रविवारी यायचा, मग सणाला यायला लागला. "नाना, चला तिकडं," असं तो जिन्यात उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. नाना म्हणायचे, "बघू." मग गाडी निघून जायची आणि नाना पार्किंगमधल्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. समोर स्कूटरींशिवाय बघायला काही नसायचं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत त्यांना मांजराचं पिल्लू सापडलं. मीटरच्या खोलीत, पोत्याखाली. आई दोन दिवस फिरकली नाही म्हणून त्यांनी ते घरात घेतलं. काळं कुळकुळीत, कान मोठे आणि अंग मुठीएवढं. नाना त्याला रेडकू म्हणायचे. म्हशीच्या पिलाचं नाव मांजराला, हे मला वरून ऐकू यायचं आणि हसू यायचं. आमचा मजला पातळ आहे. "रेडकू, पी. रेडकू, हिकडं बघ." दिवसभर चालायचं. त्या माणसाला एवढं बोलता येतं हे मला त्या महिन्यात कळलं.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात नाना.

"बाई, तुमच्याकडं जायफळ हाय का?"

"आहे. कशाला?"

"रेडकाचं पोट बिघडलंय. थांबंना झालंय. गुटी उगाळतोय, पन घरातलं जायफळ किडलं."

जायफळ नुसतं देऊन दार लावता आलं असतं. पण माणूस नऊ वर्षांत काही मागायला आला नव्हता, आणि मला तसंही काम नव्हतं. मी चपला घातल्या आणि खाली गेले.

दार उघडल्याबरोबर जो वास आला तो सांगत नाही. मोरीच्या दोरीवर गोधडीचे फाडलेले तुकडे धुऊन वाळत घातले होते, दहा-बारा तरी असतील. ओट्याजवळ सहाण, तिच्याभोवती मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड. तान्ह्या मुलाला उगाळून देतात ती सगळी बाळगुटी मांडलेली. बायडाबाईंनी संपतसाठी जपून ठेवलेली असणार. आणि त्या पसाऱ्यात, पितळी वाटीशेजारी, पिल्लू बसलं होतं. बसलं म्हणजे काय, पडत नव्हतं इतकंच. शेपूट चिकट, मागचे पाय ओले, पाठीचा कणा वरून मोजता येत होता.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडं."

"तीन आठवडे? आणि देताय काय?"

हे विचारल्यावर नानांचा चेहरा उजळला. त्यांनी मला सगळं सविस्तर सांगितलं. पहिल्यांदा पिशवीचं दूध दिलं, त्यानं पोट बिघडलं. पिशवीतलं ते दूध नव्हंच, त्येला काय चव ना सत्त्व. म्हणून ते पहाटे उठून वारज्याला चालत जायला लागले. तिथं एका ओळखीच्या माणसाचा गोठा अजून आहे. समोर धार काढून घ्यायची, कोमट असेतो घरी आणायची. तरी थांबेना. मग वाटलं दूध पातळ पडतंय, म्हणून त्याच्याकडच्या तिसऱ्या वेताच्या म्हशीचं घ्यायला लागले. ते दाट असतं. तरी थांबेना. मग वर साय घालायला लागले. पिल्लू आवडीनं प्यायचं, वाटी चाटून पुसून ठेवायचं, आणि तासाभरात गोधडीचा तुकडा धुवायला जायचा. पासष्टीच्या पुढचा माणूस तीन आठवडे रोज पहाटे कोथरूडहून वारज्याला चालत जात होता, आणि पिल्लू रोज थोडं थोडं कमी होत होतं.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डाक्टरला काय दाखवायचं? म्या हजार जनावरं बघितली."

"त्या म्हशी होत्या, नाना. हे उद्या मरेल."

मी हे फटकन बोलले. माझी जीभ अशीच आहे, बोर्डावर असताना त्याबद्दल दोनदा तक्रार गेली होती. नानांनी कापडी पिशवीत गोधडीचा कोरडा तुकडा घातला, पिल्लू उचलून त्यात ठेवलं आणि दाराबाहेर जाऊन माझी वाट बघत उभे राहिले.

पौड रस्त्याला तेव्हा एक तरुण डॉक्टर नुकताच बसायला लागला होता. नाव गोपाळकृष्ण. जनावरांच्या डॉक्टरला याहून शोभेल असं नाव नसेल. त्यानं पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सोडली तरी तशीच उभी राहिली. "पाणी संपलंय अंगातलं," तो म्हणाला. वजन केलं. दोन महिन्यांच्या पिल्लाचं असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं भरलं. मग त्यानं खायला काय देता ते विचारलं, आणि नानांनी वारज्यापासून सायीपर्यंत, गुटीसकट सगळं पुन्हा सांगितलं, तितक्याच अभिमानानं.

"आजोबा, दूध बंद करा," डॉक्टर म्हणाला. "आजपासून एक थेंबही नको. या वयात त्याला म्हशीचं दूध पचत नाही, आणि तुम्ही दाट करत गेलात. साय तर नकोच. आणि जायफळ मांजराला विष असतं, ती गुटी फेकून द्या."

नानांचा आवाज मी तोपर्यंत चढलेला ऐकला नव्हता. "दूध बाधतं? आवो, अर्धं कोथरूड आमच्या दुधावर वाढलं! ह्या बाईंना विचारा. सहा वर्सं घातलंय. कधी पोट बिघडलं तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं बिघडलं.

डॉक्टर शहाणा निघाला. वाद न घालता त्यानं पिल्लाच्या कातडीखाली सलाइन सोडलं आणि सुई काढता काढता सहज विचारलं, "आजोबा, गोठ्यात रेडकाला हगवण लागली की काय करत होता?"

नानांना उत्तर येत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"दूध तोडायचो," ते शेवटी म्हणाले. "एकच येळ लावायचो आईला. दोन दिसांत खडा व्हायचा."

"मग याचं का नाही तोडलंत?"

नानांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. पिल्लू त्या हाताला टेकून बसलं होतं. मग ते जे बोलले ते डॉक्टरला उद्देशून नव्हतं, मलाही नव्हतं.

"वगार झाली तर पाजायची, ती उद्याची म्हैस. रेडा झाला तर त्येला आचळाला नुसतं तोंड लावू द्यायचं, म्हैस पान्हवली की वढायचं आन् बांधायचं. त्यो वरडत ऱ्हायचा. पाच-सात दिसांत गप व्हायचा. मग म्हैस दूध देईना, म्हून त्येच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठिवायचं. ती चाटायची आन् पान्हवायची. चाळीस वर्सं केलं. सगळं दूध लोकांच्या चहाला पुरवायचं व्हतं ना. किती रेडकं उपाशी मारली, म्या मोजली न्हाईत. ह्ये घावलं तवा म्हणलं, ह्येला तरी पोटभर पाजू."

सहा वर्षं माझ्या दारात येत होतं ते हेच दूध, आणि ते दाट असतं म्हणून मी भावाकडे कौतुक करायची. मी नानांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता असं आता वाटतं. तेव्हा मी पिशवीचे बंद सरळ करत बसले.

डॉक्टरनं जंताचं औषध दिलं आणि खाणं सांगितलं. कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात शिजवायचं, मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण नाही. बोटांनी कुस्करून चमचाभर, दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी उकळून गार केलेलं. चार दिवसांनी परत दाखवायचं. नानांनी सगळं ऐकलं आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं.

"मी शिजवते," मी म्हटलं. "माझ्याकडे काही अडचण नाही."

अडचण नव्हतीच. एकटीसाठी मटण-कोंबडी कोण आणतं म्हणून मीही कित्येक महिने डाळभातावर होते. दुसऱ्या दिवशी पावकिलो कोंबडी आणली, कुकरला लावली, आणि वाटीत कुस्करून खाली घेऊन गेले. पिल्लानं वास घेतला, एक पाऊल मागं सरलं, आणि मग वाटीवर असं तुटून पडलं की त्याचे कान वाटीत गेले. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"खाल्लं का?"

"खातंय."

"समदं?"

"बघा की वळून."

"नको," नाना म्हणाले. "तुम्ही सांगा, म्या ऐकतो."

असे आमचे दिवस सुरू झाले. मी दिवसातून पाच वेळा वाटी घेऊन खाली जायची. नाना भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी पिल्लू काय करतंय ते सांगायची. आता मान वाकडी केली, आता एक तुकडा ओढत नेला, आता वाटी उलटी केली. मग नाना वळायचे, वाटीची जागा पुसून काढायचे आणि चहा टाकायचे. कोरा चहा. पिल्लाला वास येऊन ते मागेल म्हणून नानांनी घरात दूध आणणंच बंद केलं होतं. जन्मभर दूध विकलेला माणूस कोरा चहा फुंकर मारून प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा, पण एकदाही कुरकुरला नाही. मी वर जाऊन माझ्यापुरतं दूध घेऊन येऊ शकले असते. मला तसं करावंसं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी खालून हाक आली. "बाई! ओ कमरबाई! या लवकर!" मला वाटलं पिल्लू गेलं. मी जिना कसा उतरले माझं मला कळलं नाही. नाना दारात उभे, हातात वर्तमानपत्राचा तुकडा, आणि त्यावर बोटाएवढा, नीट बांधलेला खडा. "बघा," ते म्हणाले. "खडा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही त्या कागदाकडे एखाद्या मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तशी बघत राहिले. मला आयुष्यात कुणी इतक्या आनंदानं काही दाखवलं नव्हतं, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

नाना त्या दिवसांत बोलायचे. बायडाबाईंना म्हशींची भीती वाटायची, लग्नानंतर वर्षभर त्या गोठ्याच्या दारातूनच वैरण फेकायच्या, असलं काय काय सांगायचे. मी ट्रंक कॉलचे किस्से सांगायची. दहा मिनिटांसाठी म्हणून गेलेली मी तासभर बसायची. वर आले की माझं घर मला मोठं वाटायचं, आणि ते काही मोठं नाही, दोन खोल्यांचं आहे.

आता पुढचं सांगते, आणि त्यात मी चांगली दिसत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी माझा गुडघा धरला. पाच वेळा जिना चढउतार होईना. नाना म्हणाले, "म्या वाटी न्यायला येतो." पण शिजलेलं मांस हातात घेऊन त्यांना जिना उतरायला लावायचा, माळेच्या माणसाला, हे मला बरं दिसेना. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. म्हटलं, त्यापेक्षा पिल्लूच वर आणून सोडा, खाल्लं की मी पाठवीन. ते आणून सोडायचे. ते दारातूनच सोडायचे आणि जायचे, कारण आत कुकर असायचा. पिल्लू खायचं, अंग चाटायचं आणि माझ्या पलंगावर झोपायचं. सुरुवातीला मी त्याला उठवून जिन्यात सोडत असे. मग म्हटलं झोपलंय तर झोपू दे, संध्याकाळी पाठवू. मग संध्याकाळचं खाणं व्हायचं. मार्चमध्ये ते स्वतःच वर येऊन दार खरवडायला लागलं, आणि मी जिन्यातली चाहूल ओळखून ते खरवडायच्या आधीच दार उघडायला लागले.

गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला होता. ते मी नानांना सांगितलं नाही. जिन्यात ते भेटले की मी कठड्याला धरून उतरायची. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसं माझं चाललं होतं. नानांनी गोठ्यात लंगडी जनावरं ओळखण्यात जन्म घालवला होता, त्यांना माझी चाल कळली नसेल असं मी तरी म्हणणार नाही. पण ते बोलले नाहीत. रोज विचारायचे, "पोट कसं हाय?" मी म्हणायची, "चांगलं आहे." पुन्हा आमचं दोन शब्दांवर आलं.

एका दुपारी दारावर टकटक झाली. बेल न वाजवता, बोटाच्या पेरानं. मी पिल्लाला कडेवर घेऊनच दार उघडलं. आता त्याला पिल्लू म्हणणं बरोबर नव्हतं, चांगलं गुबगुबीत झालं होतं. नाना उंबऱ्याबाहेर उभे होते. अंगात धुतलेला सदरा. त्यांनी मांजराकडे बघितलं. मांजरानं एक डोळा उघडला, शेपटीचं टोक हलवलं आणि माझ्या कोपरात तोंड खुपसलं.

"झोपलंय व्हय," नाना म्हणाले.

"आत्ताच खाल्लंय."

"पोट?"

"छान आहे."

"खडा हुतो?"

"होतो."

हात पुढं करावा असं त्यांना वाटलं असावं, कारण हात थोडा हलला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"कधी दूध मागतंय का?"

"नाही, नाना," मी म्हटलं. "कधीच नाही."

"बरं झालं," नाना म्हणाले. "सुटलं म्हणायचं." आणि ते वळले.

ते सावकाश उतरले. अर्ध्या जिन्यात थांबले, तिथं कठडा धरून उभे राहिल्याचं मला वरून दिसत होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की घेऊन जा नाना, वाटी मी रोज खाली आणून देईन. वाक्य तोंडात तयार होतं. ते जेवढा वेळ थांबले तेवढ्यात ते मला दोनदा म्हणता आलं असतं. कडेवर मांजर उबदार होतं, दुपार अख्खी पडली होती, आणि मी म्हटलं नाही.